भिंतीवरच्या काळ्या मिशा

आमच्या धाकट्या भावजींइतकी मरणाची तयारी सबंध खटाव तालुक्यात कुणी केली नसेल, आणि त्यांच्याइतकं ते लांबवलंही नसेल. माझ्या मालकांचे हे पाठचे भाऊ. घराण्यातला एकही पुरुष पन्नाशीपलीकडे गेलेला नव्हता. माजघरातल्या भिंतीवर हारांखाली ओळीनं नुसत्या काळ्या मिशा, आणि त्यांच्याखाली लसूण सोलत बसलेल्या पांढऱ्या केसांच्या बाया. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, पुरुषाचं आयुष्य असतंच एवढं. पंचेचाळिशीच्या सासऱ्यांना मी मनात 'म्हातारबा' म्हणे! अक्कल अजून परकरातच होती माझी. पुढं माझे मालक छातीत कळ येऊन बांधावरच गेले. तेव्हा त्यांच्याही मिशीत एक पांढरा केस नव्हता. मयताला आलेली माणसं म्हणाली, "वय झालंच हुतं." आणि मीही मान डोलावली.

आता पाळी आपली, हे भावजींनी धरूनच ठेवलं. फौजेतून पेन्शनीवर आल्याबरोबर मिरजेला जाऊन युनिफॉर्मात, मिशीला पीळ देऊन फोटो काढला आणि चौकट करून ट्रंकेत ठेवला. त्यानंतर टिकणारी वस्तू म्हणून घेतली नाही. चपलांच्या दुकानातसुद्धा म्हणायचे, "टिकाऊ नगं रं, आमच्यात एवढं लागत न्हाई." आंब्याचं रोप परत करून पपई लावली. पपई वठली, दुसरी लावली, तीही वठली. भावजी आपले आहेतच.

शेवटी तीच कळ आली. पण तोवर मिरजेला न्यायला गाडी दारापर्यंत येत होती. डॉक्टरांनी शिरेत स्प्रिंग बसवली. शुद्धीवर येताच भावजी माझ्यावरच तापले, "वैनी, आता काय करायचं वो? म्हातारपण आपल्यात कुणाला ठावं हाय?" खरंच, विचारायला घरात एक म्हातारा पुरुष नव्हता. काठी धरायला, कवळी धुवायला ते माझ्याकडूनच शिकले.

ऐंशी ओलांडल्यावर म्हणाले, "भिंतीवर ट्रंकंतलाच लावा. मिशीवाला."

"आवं, ह्यो कोण म्हणून नातवंडं इचारतील! आत्ताचा काढू, बिनकवळीचा."

"भाऊच्या शेजारी असा बोळका? भाऊ हसंल की!"

"हसू द्या. त्यास्नी कवा मिळालं म्हातारं व्हायला?"

भावजी उठले. मग कोट घातला, आणि मिरजेच्या स्टुडिओत कवळी खिशात टाकून कॅमेऱ्यापुढं बसले.

मागच्या पौषात गेले. मयतात त्यांच्याच वयाचा एक गडी डोळे पुसत म्हणाला, "अजून जगाय पायजे हुता." कुणालाच ते वावगं वाटलं नाही.

आता भिंतीवर पहिला म्हातारा आलाय. शेजारी माझे मालक, आमच्या लेकापेक्षाही लहान दिसणारे. दोघा भावांचं नाक एकच, कानही तसेच. संध्याकाळी दिवा लावला की मी आधी भावजींकडे बघून घेते, मग मालकांकडे बघत त्यांना हळूहळू म्हातारं करत नेते. मिशी पांढरी करते, गाल आत ओढते, एकेक दात काढून घेते. मग कुठं ते माझ्या जोडीला शोभायला लागतात.