‘कुणी सांगितलं’ हे न विचारणारे साहेब

नामदेवचा फोन आला तेव्हा मी शिरूरच्या ऑफिसात जेवणाचा डबा उघडून बसलो होतो. “चांदेवाले, कोकरेसाहेब गेले,” एवढंच तो बोलला. त्याच्या मागं दौंड स्टेशनावरची गडबड ऐकू येत होती... मी डबा झाकून ठेवला. त्याला आता महिना होऊन गेला. दहाव्याला त्यांच्या गावी, खुटबावला जाऊन आलो, तरी लिहायला हात उचलत नव्हता. माझी शाळा सातवीतच सुटली. पेपरच्या पुरवणीत लिहिणारी माणसं वेगळी असतात हे मला कळतं. पण साहेबांवर दुसरं कुणी लिहिणार नाही, आणि माझ्या घरात आज चूल पेटते ती या माणसामुळं. तेव्हा वेडंवाकडं का होईना, लिहितो.

मी मूळचा चांद्याकडचा, म्हणून सगळ्यांचा चांदेवाले. एक लांबचे मामा दौंडला रेल्वेत होते, त्यांच्या क्वार्टरच्या पडवीत पथारी टाकून राहिलो आणि सरकारी दूध शीतकरण केंद्रात रोजंदारीवर लागलो. केंद्राचं नाव लिहीत नाही. आता तिथं कुलूप आहे, कशाला उगाच. गावोगावचं दूध टेम्पोनं यायचं, आम्ही ते उतरवून गार करायचो आणि टँकरमध्ये भरून पुण्याला पाठवायचो. माझं काम कॅन धुण्याचं. मी तोंड उघडून ‘मले’ म्हटलं की सगळे हसायचे, म्हणून मी फारसं उघडत नसे. शिवाय रोजंदारीवाल्याला काही महिन्यांनी ‘ब्रेक’ देत, म्हणजे काही दिवस घरी बसवत, कायम होण्याचा हक्क लागू नये म्हणून. ब्रेकनंतर परत घ्यायचं की नाही, ते क्लार्क भाऊसाहेब ठरवत. गावाकडं आई माझ्यावर अवलंबून होती. त्यामुळं सकाळी गेटातून आत जाताना रोज वाटायचं, आज तरी आपल्या हातून काही वावगं होऊ नये.

कोकरेसाहेब केंद्रप्रमुख म्हणून आले, त्याआधी तिथं एक रीत होती. कुणी म्हणालं, हे असं केलं तर बरं होईल, की साहेब विचारायचे, “म्हणजे आजवर चुकीचं चाललं होतं? लेखी द्या.” लेखी दिलं की ते पुण्याला जायचं, पुण्याहून खुलासा मागवला जायचा, आणि खुलासा देणाऱ्याच्या नशिबी बदली. नाहीतर मग सुचवलेलं काम त्याच्याच गळ्यात मारायचे. नामदेव धक्क्यावर, म्हणजे कॅन उतरवायच्या ओट्यावर, कायम नोकर होता. तो मला पहिल्या दिवशीच म्हणाला, “हितं डोळं उघडं ठेव आन् तोंड शिवून घे. पेन्शनीपतूर जाशील.”

कोकरेसाहेब खुटबावचे, मेंढपाळाच्या घरातले. वडिलांच्या काळात वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, फिरता होता, पुढं जमीन आली. दुपारी टाक्या धुऊन झाल्या की ते सगळ्यांना बोलवायचे. आम्ही पालथ्या कॅनवर बसायचो, तेही बसायचे. चहा कोरा. दुधाच्या केंद्रात कोरा चहा, कारण त्यातलं चमचाभर घेतलं तरी ती चोरी, आणि बाहेरून दूध आणलं तर लोक काय म्हणतील... बसल्यावर ते आधी स्वतःचं सांगायचे. “आज माझ्याकडून बर्फ मागवायचा निरोप ऱ्हायला. बोला, तुमचं काय.” कुणी काही सुचवलं तर ‘कुणी सांगितलं’ हे पुढं कधी निघायचं नाही. “केंद्राला वाटतंय” एवढंच ते म्हणायचे. सुचवलं म्हणून तूच कर, हेही त्यांनी बंद केलं. नामदेवनं एकदा विचारलं, “साहेब, ह्यो काय प्रकार?” तर म्हणाले, “आमच्याकडं मेंढरं वळणाऱ्या गड्यानं मेंढरू लंगडतंय म्हणून सांगिटलं, तर त्याला मारत न्हवते. मारलं तर दुसऱ्या दिवशी सगळी मेंढरं धडधाकटच दिसत्यात. आन् लंगडं त्ये लंगडंच ऱ्हातंय.”

तरी आम्ही बरेच दिवस नुसता चहा प्यायलो. भीती अशी सांगून जात नाही.

शेवटी नामदेवच बोलला. धक्क्यावर जो टेम्पो आधी येईल तो आधी उतरवायचा, असा नेम होता. शिरूरकडचा टेम्पो लांबून यायचा, दूध वाटेतच तापलेलं असायचं, आणि तरी रांगेत शेवटी उभा. नामदेव म्हणाला, लांबचा आधी घेऊ. साहेबांनी दुसऱ्या दिवसापासून सुरू केलं. ठीक चाललं. मग चैत्रात एका दुपारी जवळचा म्हणून खुटबावचाच टेम्पो उन्हात थांबून राहिला, आणि तपासायला दूध उकळून पाहिलं तर फाटलं. सगळं परत. दूध सोसायटीचे चेअरमन जीपमधून आले, मागं गावातली माणसं. साहेबांच्याच गावची.

“कोकरे, आपल्या गावचं दूध उन्हात आन् शिरूरचं सावलीत? कुणाचं डोकं चाललंय हे?”

“केंद्राचं.”

“केंद्राला डोकं आसतंय व्हय?”

“आसतंय की. आज जरा तापलं व्हतं.”

चेअरमन हसले नाहीत. नामदेव कॅनच्या आडोशाला उभा होता, त्याचा चेहरा मी पाहिला. साहेबांनी नुसतं त्याच्याकडं बघितलं असतं तरी लोकांना कळलं असतं. ते चेअरमनकडंच बघत राहिले. पुढं पुण्याहून मेमो आला, सूचना कोणत्या कर्मचाऱ्याची ते कळवा म्हणून. साहेबांनी कळवलं, केंद्रप्रमुखाची. गावात त्यांच्याशी बरेच दिवस कुणी धड बोलत नव्हतं, हे मला त्यांच्या बायकोकडून आत्ता, दहाव्याला कळलं.

मेमोच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा चहा. मला वाटत होतं, आता हे बंद. साहेब बसले आणि म्हणाले, “टेम्पोचं माझं चुकलं. नेम बदलला, पण उभ्या टेम्पोवर सावली करायचं सुचलं न्हाई. नामा, आता काय करायचं?”

नामदेव खाली मान घालून म्हणाला, “मी न्हाई साहेब आता तोंड उघडत.”

“मग म्या मेमो खाल्ला त्यो फुकट गेला का?”

सगळे हसले, नामदेवसुद्धा. मग लांबच्या आणि जवळच्या अशा दोन रांगा करायचं आणि वर पत्रे टाकायचं ठरलं. आणि त्या हसण्यात माझ्या तोंडून निघून गेलं, “साहेब, ते मास्क... बाहेर टांगले तं...”

हे मास्कचं सांगायला हवं. यंत्रघरात दूध गार करायला अमोनिया वायू असायचा. गळला तर जीव घुसमटतो, म्हणून तोंडाला लावायचे मास्क सरकारनं दिले होते. ते कोरेच्या कोरे ऑफिसच्या कपाटात कुलपात होते, कारण बाहेर ठेवले आणि हरवले तर तपासणीत वसुली. भाऊसाहेब घरी गेले की किल्लीही त्यांच्याबरोबर घरी. हे सगळ्यांना माहीत होतं. मी यंत्रघराला लागूनच कॅन धुवायचो, मला त्या वासाची धास्ती. पण कपाट भाऊसाहेबांचं, आणि माझा ब्रेक तोंडावर आलेला.

भाऊसाहेब शेजारीच बसले होते. “हा मले-तुले मला शिकवणार? आणि चोरीला गेले तर? तपासणीला तू उभा राहशील?”

मला वाटलं, संपलं... उद्या मामांना काय सांगायचं.

साहेबांनी कप खाली ठेवला. “भाऊसाहेबांचं खरंय. हरवलं तर त्यांच्याच मानगुटीवर बसतंय, म्हणून त्ये कपाटात ऱ्हायलं. त्यात त्यांची चूक न्हाई. भाऊसाहेब, ती भीती आता माझ्याकडं द्या आन् मास्क भिंतीला टांगा.”

टांगले. पावसाळ्यात त्यातला एक खरंच नाहीसा झाला, आणि त्याचाही खुलासा साहेबांनीच दिला. अमोनिया काही कधी गळला नाही. म्हणजे माझ्या सांगण्याचा उपयोग झाला असं मला कधीच म्हणता येणार नाही. हे मी त्यांना एकदा बोललो, तर म्हणाले, “उपेग झाला न्हाई हे बरंच झालं की.”

ब्रेक संपवून परत गेलो त्या सकाळी मी सगळ्यांच्या मागं उभा राहिलो. भाऊसाहेबांनी माझं नाव घेतलं आणि म्हणाले, “तुला काढलं असतं तर साहेबांनी कारण विचारलं असतं. कारण काय सांगायचं, मास्क?” त्यानंतर त्यांनी मला मले-तुले म्हटल्याचं आठवत नाही. पुढं मी कायम झालो.

साहेबांची बदली झाली. नवे साहेब वाईट नव्हते. त्यांनी फक्त विचारलं, “ही दुपारची बैठक कुठल्या जीआरमध्ये आहे?” कुठल्याच नव्हती. पालथे कॅन सुलटे झाले आणि आमची तोंडं मिटली. मिटायला वेळ लागत नाही. मग सरकारी दूधच आटत गेलं, केंद्र बंद पडलं, आणि आम्हाला इकडंतिकडं वाटून टाकलं. मी शिरूरला शिपाई झालो. साहेब निवृत्त झाल्यावर मी अधूनमधून खुटबावला जायचो, तेव्हापासून त्यांना आप्पा म्हणायला लागलो. शेवटच्या वर्षात ते फार थकले होते. एकदा म्हणाले, “माणूस गेला की मोडतंय त्ये काम पक्कं न्हवतं, चांदेवाले. नेम करून ठिवायला पायजे व्हता. वर कळवलं, पर वरनं कुणी बोललं न्हाई... म्याबी मग पाठ सोडली.” मी म्हटलं, आप्पा, माझी नोकरी तर राहिली. ते हसले, पण नुसते ओठांनी.

आमच्या शिरूरच्या ऑफिसात सफाईला कंत्राटी बाया येतात. त्यांची हजेरी आता माझ्याकडं असते. परवा कांताबाई दारात घुटमळली. “दादा, एक सांगू का? राग न्हाई ना येणार?” मी हजेरी लिहीत होतो. ती माझ्याकडं बघत नव्हती, माझ्या हातातल्या पेनाकडं बघत होती. आणि मला आप्पांचा हात दिसला. कुणी बोलायला लागलं की ते पेनाला टोपण लावून खिशाला अडकवायचे आणि दोन्ही हात मांडीवर मोकळे ठेवायचे. इतकी वर्षं ते मी बघत होतो, पण का करतात हे त्या दिवशी कळलं.

मी टोपण लावलं. म्हटलं, “बसा बाई. सांगा.”