खिडकी उघड की उघडी?

चष्मेवाल्यांच्या दुकानात गेलात तर जरा सांभाळून बोला. 'मला लांबचं दिसत नाही' असं नुसतं म्हणून चालायचं नाही. ते काउंटरवरून मान वर करतील आणि विचारतील, "कशावरून?" आता दिसत नाही ते कशावरून म्हणजे काय? पण चष्मेवाल्यांना पुरावा लागतो. समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावतील, खालच्या ओळीला गिऱ्हाईक अडखळलं की मगच मान डोलावतील. धंद्याला हा स्वभाव फार चांगला. संसाराला नाही, असं त्यांची बायको म्हणते, आणि तिला मात्र 'कशावरून' विचारायची त्यांची छाती होत नाही.

गिऱ्हाईक नसलं की चष्मेवाले कॉम्प्युटरपाशी बसतात. इंटरनेटवर गाण्यांचा एक ज्ञानकोश आहे. तिथे कुणीही यावं, लिहावं, दुसऱ्याचं लिहिलेलं दुरुस्त करावं. दमडी मिळत नाही. आणि जिथे दमडी मिळत नाही तिथे शहाणीसुरती माणसं कशी जीव तोडून भांडतात ते बघायचं असेल, तर त्या ज्ञानकोशाची चर्चापानं वाचा! तिथे चष्मेवाल्यांनी 'भिंग' असं नाव घेतलंय. कुणी लिहिलं, 'हे गाणं फार गाजलं,' की भिंग हजर. खाली एकच शब्द: "संदर्भ?" कुणी लिहिलं, 'आवाज गोड होता.' "संदर्भ?" एकदा एका बिचाऱ्याने लिहिलं की अमुक गायक वारले. त्यालाही "संदर्भ?" बातमी छापून येईपर्यंत ते गृहस्थ ज्ञानकोशात ठणठणीत जिवंत होते.

ज्ञानकोशाचा एक नियम तर चष्मेवाल्यांनी स्वतः लिहिलेला. कुणाच्या तरी पुतण्याने आपल्या काकांवर लेख लिहून त्यांना आभाळाला नेऊन भिडवलं होतं, त्यावरून हा नियम झाला. नातेवाइकांच्या सांगण्याला ज्ञानकोशात किंमत नाही, आणि ज्याचा विषयाशी घरोबा आहे त्याने त्या लेखाला हात लावायचा नाही. नियम मंजूर झाला त्या दिवशी चष्मेवाले घरी आइस्क्रीम घेऊन गेले. कशाबद्दल ते घरात कुणाला कळलं नाही, पण खाल्लं सगळ्यांनी.

सगळ्यांनी म्हणजे बायकोने आणि सासूबाईंनी. सासरे गेल्यापासून सासूबाई लेकीकडेच राहतात. हॉलला लागून असलेली खोली त्यांची. एक पलंग, एक खुर्ची आणि शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडणारी खिडकी. बाई कमी बोलणाऱ्या, पण बोलल्या की दोन दिवस पुरेल असं बोलणाऱ्या. लग्नाआधी त्यांनी दोन मैत्रिणींबरोबर एका रेकॉर्डवर गाणं म्हटलं होतं. आयुष्यात एकच. गाण्याचं नाव 'खिडकी उघड'. आता त्या मैत्रिणी राहिल्या नाहीत. राहिल्यात त्या सासूबाई आणि ते गाणं.

कुणातरी हौशी माणसाने ज्ञानकोशात त्या गाण्यावर लेख टाकला. रेकॉर्डच्या लेबलवर होतं ते जसंच्या तसं उतरवून. आणि लेबल छापणाऱ्याने त्या काळी काय केलं होतं, तर 'उघड'च्या पुढे एक वेलांटी देऊन ठेवली होती. 'खिडकी उघडी.' खाली थोरल्या मैत्रिणीचं नाव आणि त्यापुढे 'आणि साथी'. संपलं!

लेकीने तो लेख आईला वाचून दाखवला.

"उघडी कसं गं?" सासूबाई म्हणाल्या. "उघडीच असती तर आम्ही कशाला घसा फोडला असता? बरं, माझं नाव कुठंय?"

"साथी लिहिलंय, आई."

"साथीचा रोग असतो, बाई. माणसाला नाव असतं."

एवढंच बोलून त्या भिंतीकडे बघत बसल्या. लेक उठली, तिने ज्ञानकोशात 'कडी' या नावाने खातं उघडलं, शीर्षकातली वेलांटी काढून टाकली आणि कारण लिहिलं, 'हे माझ्या आईने गायलंय. हवं तर तिला विचारा.'

दुपारच्या आत भिंगाने वेलांटी परत लावली. वर लिहिलं, 'संदर्भ? कुणाच्याही आईचं म्हणणं ज्ञानकोशाला चालत नाही.'

संध्याकाळी चष्मेवाल्यांच्या पुढ्यात ताट असं आदळलं की वाटी उडाली.

"अहो, 'कुणाच्याही आईचं' म्हणजे काय हो?"

"हे तू कुठे वाचलंस?"

"कुठे वाचलं! कडी म्हणजे मीच. आणि ती कुणाचीही आई आतल्या खोलीत जेवतेय."

चष्मेवाल्यांचा घास तोंडातच राहिला. तरी गिळून म्हणाले, "नियम म्हणजे नियम."

"मग नियमालाच वाढायला सांगा," असं म्हणून बायको उठून गेली.

आता खरं तर चष्मेवाल्यांनी ज्ञानकोशात कबूल करायला हवं होतं की बाबांनो, मी या बाईंचा जावई आहे. पण तसं म्हटलं की त्यांच्याच नियमाने लेखाला हात लावायची चोरी. म्हणून ते मूग गिळून बसले आणि अगदी तटस्थ माणसाचा आव आणून त्यांनी चर्चा सुरू केली: 'शीर्षकात उघड असावं की उघडी?'

अहो, काय तुटून पडली माणसं! 'शुद्धलेखन' नावाचे एक मास्तर होते, शाळेतून निवृत्त झालेले पण शाळा न सोडलेले. ते म्हणाले, छापलेलं ते खरं, लेबलवर उघडी आहे, विषय संपला. एकाने भीत भीत सुचवलं की गाणं इंटरनेटवर आहे, ऐकूनच बघू या ना, चांगलं स्वच्छ 'उघड' ऐकू येतंय. मास्तर कडाडले, 'ऐकणं हे स्वतःचं संशोधन झालं. ज्ञानकोशाला कान नसतात!' चष्मेवाल्यांना ते वाक्य इतकं पटलं की त्यांनी खाली 'सहमत' लिहिलं. लिहिल्यावर थोडं टोचलं, पण पुसलं नाही. पुढे वाद निघाला की शीर्षकापुढे कंसात 'गाणं' लिहावं की 'गीत'. त्या कंसापायी दोघांनी एकमेकांची अक्कल काढली आणि एकजण ज्ञानकोश कायमचा सोडून गेला. सासूबाईंच्या नावाचा प्रश्न लांब राहिला, कंसातच सगळे अडकले.

एका दुपारी चष्मेवाले सासूबाईंचा नवा चष्मा घेऊन त्यांच्या खोलीत गेले. बाहेर वारा नव्हता, खोलीत उकडत होतं.

"जावईबापू, जरा खिडकी उघडा हो."

"उघडीच आहे, आई."

सासूबाई हसल्या. "आता कळलं? उघडी असली की तुम्हाला काही करावं लागत नाही. 'उघड' म्हटलं की उठावं लागतं. दोन शब्दांत एवढाच फरक."

चष्मेवाल्यांचे डोळे चमकले. इतका नेमका मुद्दा सबंध चर्चेत कुणी मांडला नव्हता! ते पुढे वाकले आणि अधीर होऊन त्यांनी विचारलं, "आई, हे कुठे छापून आलंय का?"

सासूबाईंनी नवा चष्मा लावला, जावयाकडे नीट बघितलं, आणि काढून ठेवला.

बायको मात्र हार मानणाऱ्यांतली नव्हे. छापूनच हवंय ना? मग छापूनच आणते! तिने कुणाकुणाच्या ओळखी काढल्या आणि साप्ताहिकाचा एक वार्ताहर घरी आणला. सासूबाईंनी ठेवणीतली साडी नेसली. खुर्चीत ताठ बसून सगळं सांगितलं: स्टुडिओत माइक एकच होता, तिघी खांद्याला खांदा लावून कशा उभ्या होत्या, आणि दुसऱ्या कडव्यात 'उघड'वर जो लांब सूर आहे तो त्यांचा एकटीचा. तो त्यांनी म्हणूनही दाखवला. आवाज कापरा होता, पण सूर तसूभर ढळला नाही. स्वयंपाकघराच्या दारात चष्मेवाले ऐकत उभे होते, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या अंगावर काटा आला. वार्ताहराने मान डोलावली, फोटो काढला, चहा घेतला आणि गेला.

गेला, आणि ऑफिसात बसून त्याने काय करावं? म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीचा काय भरवसा, म्हणून सगळं ज्ञानकोशात ताडून बघितलं! साप्ताहिकात आलं, "'खिडकी उघडी' या गाण्याच्या साथींपैकी एक आजी आजही तितक्याच उत्साही." फोटोखालीही तेच. आजी. नाव नाही.

बायकोने कपाळावर हात मारून घेतला. आणि ज्ञानकोशात? तिथे आनंदीआनंद! सगळ्यांच्या वर जे एक 'पंच' बसतात त्यांनी निकाल दिला, 'आता लेबल आणि साप्ताहिक असे दोन स्वतंत्र संदर्भ उपलब्ध. शीर्षक उघडी असेच राहील. चर्चा बंद.' त्यातला दुसरा संदर्भ ज्ञानकोशाच्याच पोटातून निघालाय हे भिंगाला पक्कं ठाऊक होतं. सांगायचं कोणत्या तोंडाने? मास्तरांनी शेवटी जिंकलेल्या माणसाचा मोठेपणा दाखवला. त्यांनी लिहिलं, 'साथींच्या नावांसाठी धीर धरावा. अशा कलाकारांची पूर्ण माहिती बहुधा निधनाच्या बातमीत येते. तो संदर्भ उत्तम.'

बायकोने ते वाचलं, मोठ्याने वाचलं, आणि आतल्या खोलीत ते ऐकू गेलं.

"म्हणजे मी मेले की माझं नाव लागणार?" सासूबाईंनी आतून विचारलं.

चष्मेवाल्यांना काहीतरी बोलणं भाग होतं. ते म्हणाले, "नियमाप्रमाणे... हो, आई."

"मग आधी सांगायचं नाही का, जावईबापू? उगीच तुम्हाला ताटकळत ठेवलं."

त्यांच्या स्वरात राग नव्हता, तेच वाईट होतं. चष्मेवाल्यांना लाज वाटली. आयुष्यात इतकी कधी वाटली नव्हती. ते तडक घरातल्या कॉम्प्युटरपाशी गेले, लेख उघडला आणि शीर्षकातली ती वेलांटी काढून टाकली. मग 'आणि साथी' पुसलं. आता तिथे नाव लिहायचं. बोटं कीबोर्डवर ठेवली, आणि तिथेच घोडं अडलं.

नाव काय लिहायचं? डॉक्टरांच्या कार्डावर सासूबाईंचं नाव होतं ते सासरचं. गाणं लग्नाआधीचं. लग्नाआधी त्या कोण होत्या? काखेत कळसा आणि गावाला वळसा! सगळ्या जगातल्या गायकांची जन्मस्थळं तपासणाऱ्या या माणसाने घरातल्या गायिकेला तिचं नाव कधी विचारलं नव्हतं. त्यांनी मागे वळून बायकोकडे बघितलं.

"मला कशाला विचारता?" ती म्हणाली. "मी कुणाच्याही आईची मुलगी."

चष्मेवाले उठले. सासूबाईंच्या दाराशी जाऊन त्यांनी उघड्या दारावर टकटक केलं.

"आई, लग्नाआधी तुमचं नाव काय होतं?"

सासूबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "कित्येक वर्षांत कुणी विचारलं नाही हो," असं म्हणून त्यांनी नाव सांगितलं. आधी हळू, मग जरा मोठ्याने. चष्मेवाल्यांच्या खिशात भिंगांवर खुणा करायचं मार्करपेन होतं. कागद शोधायला वेळ न घालवता त्यांनी ते तळहातावर लिहून घेतलं.

परत येऊन त्यांनी ते लेखात टाकलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'ही गायिका माझ्या सासूबाई. शेजारच्या खोलीत आहेत. मी जाऊन विचारलं.' बटण दाबलं आणि हातपाय धुऊन यावं तसे मोकळे होऊन चहा प्यायला गेले. कप खाली ठेवून परत आले तर लेख पहिल्यासारखा! उघडी. आणि साथी. बाजूला मास्तरांचा एकच शब्द: "संदर्भ?" त्याखाली पंचांची सूचना, की भिंग यांनीच घालून दिलेल्या नियमानुसार भिंग यांना या लेखावर बंदी घालण्यात येत आहे. आपलेच दात, आपलेच ओठ. ओरडायचं कुणाच्या नावाने?

"जावईबापू," आतून आवाज आला, "लागलं का हो नाव?"

चष्मेवाल्यांनी पडद्याकडे बघितलं. बायको दारात उभी होती, तिच्याकडे बघितलं. आणि जन्मात पहिल्यांदा ते बिनपुराव्याचं बोलले.

"लागलं, आई."

आतून सासूबाईंनी स्वच्छ आवाजात विचारलं, "संदर्भ?"

बायकोने तोंडावर पदर धरला. चष्मेवाले जागचे उठले, आत गेले आणि त्यांनी सासूबाईंपुढे तळहात धरला. दुसरं दाखवण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं. सासूबाईंनी चष्मा लावला, त्यांचा हात उजेडात ओढला आणि एकेक अक्षर वाचलं.

"वेलांटी चुकलीय," त्या म्हणाल्या, आणि पेनासाठी हात पुढे केला.

चष्मेवाल्यांनी मुकाट्याने पेन दिलं.