ड्रेसिंगच्या खोलीतलं करडू

माझी लेक साडेचार वर्षांची असताना भाजली. माझ्या हातून.

दसरा चार दिवसांवर आला होता. मखमलाबादच्या पुढे आमचा झेंडूचा मळा आहे आणि त्या दिवसांत घरातलं कुणीच जागेवर नसतं. सकाळी मी बंबातलं कढत पाणी बादलीत काढलं. गार पाणी घालणार, एवढ्यात स्वयंपाकघरात फोन वाजला. फुलबाजारातले व्यापारी होते, टेम्पो किती वाजता निघतोय विचारत होते. मी दोन मिनिटं बोलले असेन. तेवढ्यात लेक एकटीच न्हाणीत गेली, बादलीच्या काठाला धरून वाकली आणि बादली तिच्या अंगावर आली.

उजवा पाय मांडीपासून पोटरीपर्यंत भाजला. शहरातल्या दवाखान्यात तिला ठेवलं. डॉक्टर म्हणाले, जीवाला धोका नाही, पण दिवसाआड ड्रेसिंग करावं लागेल आणि ते दुखणार.

पहिल्या ड्रेसिंगला मी आत होते. जखमेला चिकटलेली पट्टी सिस्टरनी ओली करून सोडवायला घेतली आणि लेक जी ओरडली, ती ऐकून मी पळाले. खरंच पळाले. बाहेर पॅसेजमध्ये भिंतीकडे तोंड करून, कान दाबून उभी राहिले. आत सासूबाई बसल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "तू नको येत जाऊ आत. तुला नाय जमायचं." त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर मला काहीच जमेना. दूध कोमट आहे का ते तीनतीनदा बघायची आणि तरी ग्लास सासूबाईंच्या हातात द्यायची. लेकीचे केस विंचरायलाही हात पुढे व्हायचा नाही. यांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही, पण फोनवर कुणाला सांगताना "पाणी सांडलं" एवढंच म्हणायचे आणि माझ्याकडे बघायचं टाळायचे. कॉटशेजारी बसून मी एकच विचार करायची, ही दुसऱ्या कुणाच्या पोटी आली असती तर धड राहिली असती.

तिसऱ्या ड्रेसिंगच्या दिवशी सासूबाई तापानं फणफणल्या. हे टेम्पोबरोबर गेलेले. सिस्टर दारात येऊन म्हणाल्या, "चला, तुम्ही या."

"मला नाही होणार, सिस्टर. मी पळून जाईन."

"पाय धरायला मावशी आहेत. तुम्ही डोक्याशी उभ्या राहा आणि बोलत राहा. गोष्ट सांगा एखादी."

मला गोष्टी येत नव्हत्या. चारचौघांत कधी धड बोलले नव्हते. शाळेत उत्तर माहीत असून हात वर केला नाही, त्यातली मी. चिऊकाऊची सुरू केली तर लेक रडतच म्हणाली, "ती नको, ती येते मला." सिस्टरनी चिमटा उचलला. मी घाबरून तोंडाला येईल ते बोलले.

"एक करडू होतं. ते झेंडूच्या टेम्पोत चढलं."

पट्टीचं टोक सुटलं. लेक किंचाळली. किंचाळून झाल्यावर हुंदके देत म्हणाली, "कशाला?"

"भूक लागली होती त्याला. क्रेटमधली फुलं खात बसलं आणि टेम्पो सुरू झाला."

"मग?"

दुखायचं थांबलं नाही. ती ओरडत होती, माझं मनगट नखांनी ओरबाडत होती. पण मधेमधे "मग?" म्हणत होती, आणि ती म्हणतेय म्हटल्यावर मला तिथून हलता येईना.

पुढच्या वेळी तिनं सासूबाईंना नको म्हटलं. "मम्मी येईल. करडू आणायचंय."

आता मला वेगळीच धास्ती. पुढचं सुचलं नाही तर? पॅसेजमध्ये फेऱ्या मारत मी पुटपुटायची, औषधांच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर लिहून ठेवायची. एकदा यांनी बघितलं.

"काय झालं?"

"करडू रामकुंडावर पोचलंय. पाण्यात पडू द्यायचं का नाही, ते ठरत नाहीये."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, बऱ्याच दिवसांनी. म्हणाले, "नको पडू देऊ. आधीच पुष्कळ झालंय."

पाचव्या ड्रेसिंगला लेकीनं मधेच विचारलं, "करडूची मम्मी कुठे होती?"

सिस्टरचा हात थांबला. मला वाटलं, आता संपलं. हिला सगळं कळतंय.

"ती तिथेच होती," मी म्हणाले. "पण तिचं लक्ष नव्हतं. तिनं लक्ष द्यायला पाहिजे होतं. चूक तिचीच होती."

"ती रडली?"

"खूप रडली. अजून रडते."

लेकीनं थोडा विचार केला. "रडत बसली तर करडू कसं सापडेल? तिला पण टेम्पोत बसव."

मग मी शेळीला टेम्पोत बसवलं. वाक्यं तुटत होती, तरी पेठ रोडनं ती शेळी निघाली. सिस्टरनी उरलेली पट्टी कधी काढली ते मला आठवत नाही.

पुढे डाव्या मांडीची कातडी काढून गुडघ्याला लावावी लागली. ते दिवस मी इथे सांगत नाही, मला ते अजून सांगता येत नाहीत. गोष्टीही तेव्हा चालल्या नाहीत, लेक गुंगीतच असायची.

घरी आल्यावर व्यायाम होते. नवी कातडी आखडू नये म्हणून दिवसातून चार वेळा गुडघा दाबून सरळ करायचा. पहिल्या दिवशी सासूबाई पदर खोचून पुढे झाल्या. "सरक, मी करते. तुला बघवायचं नाय."

"मी करते, आई."

"जमंल?"

"माहीत नाही. पण मीच करते."

त्या बाजूला झाल्या, दाराशीच उभ्या राहिल्या. मी लेकीची टाच एका हातात घेतली, दुसरा हात गुडघ्यावर ठेवला. दाबलं तशी ती कळवळली, मला ढकलायला लागली, म्हणाली तू वाईट आहेस. मी दाब सोडला नाही. शेळी कुठपर्यंत पोचली ते सांगत राहिले.

त्या दिवशी पाय अर्धाच सरळ झाला. पूर्ण व्हायला दोन महिने लागले.