बिबड्यावरची खूण

"तुम्हना बिबडास्ले काही खूण कर. आम्हनास्मा मिसळाई ग्यात ते बठ्ठा फेकना पडतीन."

वरल्या गल्लीतली अक्का शाळेच्या ओट्यावर उभी राहून बोलली. खाली उतरली नाही. नरडाण्याजवळचं आमचं गाव. उन्हाळ्यात शाळा बंद, आणि सिमेंटचं अंगण सगळ्या गावात तेवढं एकच. बाया पहाटेच तिथं ओली लुगडी अंथरून ज्वारीचे बिबडे, म्हणजे शिजवलेल्या पिठाचे पापड, घालायच्या. वरल्या गल्लीच्या बाया मधोमध. आमची जागा कडेला, मुतारीच्या भिंतीजवळ. आम्ही बौद्ध.

मायचे हात गरम पिठात होते. तिनं मनगटातली पितळी बांगडी काढली आणि ओल्या बिबड्यावर दाबली. मग जरा सरकवून पुन्हा दाबली. दोन कड्या एकमेकींत अडकलेल्या उमटल्या. एक गोल पुरला असता. दोन का, ते मी तिला कधी विचारलं नाही.

मी नऊ वर्षांची होते. आणि मला ती खूण फार आवडली. हे आठवलं की आजही अंगाची आग होते. मी वाळलेला बिबडा घेऊन तिथंच मधोमध बसलेल्या वरल्या गल्लीतल्या मैत्रिणीला दाखवायला पळाले. ती हात मागं घेऊन म्हणाली, "ती खूण शे म्हंजे ह्या खावाना नहीत."

त्या दिवशी मला माझी जात कळली. शाळेच्याच अंगणात.

पुढं लग्न होऊन धुळ्याला आले. नवरा गेला. पोरबाळ नाही. माय जाताना तेवढी बांगडी माझ्याकडं आली. मी बिबड्यांवर पोट भरायला लागले. गच्चीवर मी एकटी, लुगडी माझीच, शेजारी मिसळायला कुणाचं काहीच नाही. तरी प्रत्येक बिबड्यावर बांगडी दोनदा दाबायची. हाताला सवय होती. सकाळपासून दुपारपर्यंत माणसाचा शब्द कानावर पडायचा नाही, तेव्हा ती बांगडी हातात असली की माय जवळ असल्यासारखं वाटायचं.

माल जळगावच्या एका दुकानदाराकडं जायचा. एसटीनं पोती पाठवायची. गिऱ्हाईक त्याच्याकडं "दोन बांगड्यांचे बिबडे द्या" म्हणून मागायला लागलं. मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटायचं.

मग एक दिवस त्यानं नवी पाकिटं पाठवली. झुळझुळीत. वर दोन कड्या छापलेल्या, शेजारी नऊवारीतली हसरी म्हातारी. खाली लिहिलेलं, 'आमच्या आजीच्या बांगडीची परंपरा.' सोबत निरोप, की खुणेच्या ट्रेडमार्कसाठी त्यानं स्वतःच्या नावावर अर्ज केलाय, आता मी त्या खुणेचा माल दुसरीकडं विकायचा नाही.

मी जळगाव गाठलं. दुकानात गिऱ्हाईक होतं. त्यानं मला मागच्या दारानं यायला सांगितलं. मी पुढच्याच दारात उभी राहिले.

"खूण माझ्या मायची आहे," मी म्हटलं.

"ताई, खूण काय, कुणीही काढेल. तुमचं आडनाव छापलं तर पाकीट उचलेल कोण? मी वाईट अर्थानं नाही बोलत."

गिऱ्हाईक बरणीतल्या लोणच्याकडं बघत होतं. ऐकू गेलं होतं सगळ्यांना. हातात माझेच बिबडे होते त्यांच्या.

मी पाय उचलला आणि निघून आले. पुढच्याच दारानं. त्याआधी पाठवलेलं पोतं त्याच्याकडं गेलेलं शेवटचं.

धुळ्याच्या वकीलबाई तरुण होत्या. त्यांनी मला कॉम्प्युटरवर सरकारी ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापलेली त्याच्या अर्जाची जाहिरात दाखवली. हरकत घ्यायला चार महिने असतात, त्यातला एक गेला होता. त्या म्हणाल्या, "तुमचा वापर आधीचा आहे हे दाखवायला लागेल. आईपासून खूण आहे, असं शपथेवर सांगणारं जुनं माणूस आहे का? घरचं नको. बाहेरचं."

माझ्या बचत गटातल्या बायांनी अंग काढून घेतलं. त्यांचे पापड त्याच दुकानात जातात. भावाचा फोन आला, "जाऊ दे ना. दुसरी खूण काढ. चांदणी काढ, फूल काढ." मी फोन ठेवला. सख्ख्या भावाला पटेना, तर परक्याला काय दोष देऊ.

बाहेरचं जुनं माणूस एकच उरलं होतं. जिनं ती खूण करायला लावली.

वकीलबाईंनी लिहून दिलेला कागद घेऊन मी गावाला गेले. अक्का आता पार वाकली होती. तिनं मला ओळखलं. खुर्ची दिली, हे मी सांगायलाच हवं. मी कागद वाचून दाखवला. शाळेचं अंगण, माय, बांगडी. आणि खूण का करायला लावली, ते वाक्य. ते मीच हट्टानं घालायला लावलं होतं.

अक्कानं हातानं मला थांबवलं.

"खूण व्हती, इतलंच लिख. का व्हती ते लिखू नको. मन्हा नातू सरपंच शे."

अंगठा द्यायला ती तयार होती. एक ओळ खोडली की माझं काम होत होतं. पेन माझ्या हातात होतं. मी त्या ओळीवर टेकवलंसुद्धा.

आणि मला पाकिटावरची म्हातारी दिसली. हसरी. ती ओळ काढली तर माझ्या कागदात उरतं काय? एक बाई, एक बांगडी, एक सुंदर खूण. म्हणजे दुकानदाराची आजी. तो जे खोटं बोलतो, तेच मी त्याच्याच भाषेत लिहून देणार. आजी कुणालाही सांगता येते. मुतारीजवळची जागा फक्त माझ्या मायची होती.

मी कागद घडी करून पिशवीत टाकला. "ऱ्हाऊ दे, अक्का."

नरडाण्याच्या फाट्यापर्यंत चालत आले. रडू आलं ते तिथं. एसटी येईपर्यंत रडले, मग डोळे पुसले.

वकीलबाई म्हणाल्या, "पुरावा दुबळा झाला. कारण न लिहिताही चाललं असतं." त्यांच्या हिशेबानं खरं असेल. मी म्हटलं, माझं प्रतिज्ञापत्र माझ्या तोंडचं लिहा. खूण कधीपासून? गावानं आम्हाला वेगळं वाळवायला लावलं त्या दिवसापासून. कुणी केली? माझ्या मायनं. का केली? तेही लिहा, अक्काच्या शब्दांत लिहा. खाली माझं नाव, आडनावासकट.

हरकत दाखल झालीय. त्याच दिवशी माझ्या नावानं वेगळा अर्जही गेलाय. निकाल काय लागेल ठाऊक नाही. हरेनही.

माझ्या पाकिटांवर आता आडनाव आहे, मोठ्या अक्षरात. माल कमी उठतो. बांगडी रोज दोनदा दाबते.

सुनावणीला मी एकटी बसेन. खूण का होती, हे विचारलं तर सांगेन. नाही विचारलं तरी सांगेन.