चौथ्या कडव्यानंतरचं बक्षीस

माझ्या नाकावर राग असतो हे अख्ख्या धाराशिवला माहीत आहे, म्हणून आधीच सांगून टाकते, हा सगळा प्रकार रागातूनच सुरू झाला. पुण्याला एका लग्नात शेजारच्या पाटावरच्या गृहस्थांनी जेवता जेवता मला विचारलं, "तुमच्याकडं संगीत वगैरे काही असतं का हो?" वगैरे! माझ्या हातातली जिलबी हातातच राहिली. कॉलेजातून निवृत्त होऊन मला वर्ष झालं होतं आणि घरात रागवायला कुणी उरलं नव्हतं. परत आल्यावर मी मोबाईल उचलला, एक वही घेतली आणि आमच्या शहरातल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या मुलाखती घ्यायला निघाले.

पहिला भेटला तो लग्नात बँजो वाजवणारा. तो म्हणाला, "मॅडम, मला बोलता येत नाही, तुम्ही विचारा, मी वाजवून सांगतो." मला वाटलं, गंमत करतोय. मी विचारलं, शिक्षण किती? त्यानं डोळे मिटून चार मिनिटं वाजवलं. ऐकून वाटलं, दहावीला दोनदा बसला असावा. दुसरा डीजेचा मालक. त्याच्या भिंतीएवढ्या भोंग्यांनी आमच्या गल्लीतल्या खिडक्यांच्या काचा थरथरतात, म्हणून मी भांडायच्या तयारीनंच गेले होते. तर त्याच्या घरात मिक्सर लावायला बंदी! बायको शेंगदाण्याची चटणी उखळात कुटते, तीही तो बाहेर गेल्यावर. "आवाज सहन होत नाही ओ मला," असं तो इतकं कुजबुजत म्हणाला की माझ्या मोबाईलमध्ये तासभर नुसता पंखा भरला गेला.

त्यानंच मला बेंबळीच्या शाहिरांचा पत्ता दिला.

शाहीर सत्तरीचे. जयंती असो, लग्न असो की बारसं, त्यांची गायन पार्टी आसपासच्या गावांत पन्नास वर्षं गात होती. एके काळी पार्टीत अकरा माणसं होती, आता दोन उरली होती, शाहीर आणि त्यांचे चुलतभाऊ हलगीवाले. मी अंगणात बसून वही उघडली तसं शाहिरांनी हात वर केला. आवाज खरखरीत झाला होता.

"मॅडम, मुलाखत ऱ्हाऊ द्या. घशात गाठ हाय. सोलापूरला पुढच्या सोमवारी ऑपरेशन. जीव वाचंल, आवाज जाणार, असं डॉक्टरनं तोंडावर सांगितलंय. तवा येक गाणं भरून घ्या माज्या आवाजात. लई उपकार व्हतील."

गाणं त्यांचं स्वतःचं होतं. मोलमजुरी करणारी आई लेकराला शाळेची पाटी आणून देते, त्या दिवसाचं. पाच कडवी. हे गाणं तालुक्यातल्या निम्म्या पार्ट्या गातात आणि ते कुणाचं हे एकालाही माहीत नाही. गावातल्या पोरांनी शाहिरांचे व्हिडिओ काढले होते, पण त्यांत त्यांचं नुसतं तोंड हलताना दिसायचं आणि ऐकू यायचा शेजारच्या मांडवातला डीजे. त्यांची पत्नी उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. ती एवढंच म्हणाली, "तेवढं करा मॅडम. पुन्यांदा घरात आवाज न्हाय यायचा." मला गलबलून आलं आणि मी लगेच हो म्हणाले.

धाराशिवात एका तरुणानं स्टुडिओ काढला होता. स्टुडिओ म्हणजे त्याच्या काकाच्या अंड्यांच्या दुकानावरची खोली, मधोमध एक काच लावलेली. भिंतींना, छताला, दाराला अंड्यांचे कागदी ट्रे चिकटवलेले, म्हणजे आवाज घुमत नाही. काही ट्रेला अजून पिसं होती. नवरात्रात देवीची गाणी, एरवी रिक्षातून फिरवायच्या जाहिराती, असं त्याचं चालायचं. गुरुवारी सकाळी मी शाहिरांना, त्यांच्या पत्नीला आणि हलगीवाल्यांना तिथं घेऊन गेले.

पहिली पाच मिनिटं बरी गेली. मग हलगीवाल्यांनी पिशवीतून रद्दी काढली, कोपऱ्यात तिचा ढीग केला आणि काडी ओढली.

स्टुडिओवाला असा किंचाळला की खाली काकाच्या हातातली अंडी गेली म्हणे. अहो, खोली सगळी कागदाची! पण हलगीवाल्यांना कळेचना की बिघडलं काय. हलगीचं कातडं शेकल्याशिवाय ताणत नाही, आणि कातडं ताणल्याशिवाय हलगी बोलत नाही. जन्मभर ते आधी जाळ करून मगच वाजवत आले होते. मग गच्चीवर जाळ केला. ते वर शेकायचे, हलगी छातीशी धरून जिन्यातून पळत यायचे आणि दम लागल्यामुळं त्यांना वाजवता यायचं नाही. दम जिरेपर्यंत हलगी सैल. तीनदा हे झाल्यावर स्टुडिओवाल्याच्या आईनं खालून इस्त्री पाठवली. हलगीला इस्त्री दाखवताना मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. पण जमलं! हलगी अशी कडाडली की स्टुडिओवाल्यानं कानावरची यंत्रं काढून फेकली.

आता शाहीर गायला लागले. पहिलं कडवं ऐकलं आणि मी सगळा ताप विसरले. आवाज फाटका होता, पण एकही सूर जागचा हलला नव्हता. आणि कडवं संपताच ते थांबले. हलगी हळू चालू, शाहीर गप्प. आमच्याकडं बघताहेत.

"काय झालं?" मी काचेतून खुणेनं विचारलं.

"बक्षीस," हलगीवाले म्हणाले.

सांगायला हवं, की आमच्याकडच्या कार्यक्रमात गाणं सरळ संपत नाही. कडवं आवडलं की कुणीतरी उठून पाच-दहा रुपये देतं, गायक गाणं थांबवून देणाऱ्याचं पूर्ण नाव घेतो, रक्कम सांगतो, "मंडळ आभारी आहे" म्हणतो आणि मगच पुढं जातो. पन्नास वर्षं शाहिरांनी श्वास घेतला तो त्याच जागेवर. मी आत जाऊन म्हणाले, "शाहीर, हा स्टुडिओ आहे. इथं सलग गायचं." त्यांनी मान हलवली. पुन्हा गायले, पुन्हा तिथंच थांबले. "गळाच पुढं सरकंना मॅडम," असं म्हणताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. घशाचा भरवसा नव्हता, आणखी किती वेळा गाता येईल सांगता येत नव्हतं. स्टुडिओवाल्यानं गपचूप खिशातून दहाची नोट काढून पुढं ठेवली. शाहिरांनी त्याचं नाव घेतलं, आभार मानले आणि दुसरं कडवं असं उचललं की बास.

दुसऱ्या कडव्यानंतर मी दिले. तिसऱ्यानंतर मीच पुन्हा नोट पुढं केली तर शाहिरांनी ती परत केली. एका गाण्यात एका माणसाचं नाव दोनदा घ्यायचं नाही. तसं केलं तर मंडळाला देणारी माणसंच मिळत नाहीत असा अर्थ होतो, आणि मंडळाची इज्जत जाते. मंडळ! दोन माणसांचं मंडळ, त्यातलं एक हलगीला इस्त्री करत होतं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग तिसरं नाव कुणाचं आणू?" मी ओरडले. स्टुडिओवाल्याच्या आईला बोलावलं. ती आली, पण येताना दार जोरात लागलं आणि ते भरणं वाया गेलं.

शेवटी सगळ्यांना ओळीनं आत बसवलं. स्टुडिओवाला, मी, त्याची आई. पाच कडव्यांत चार थांबे, म्हणजे चौथं कुणीतरी हवं. हलगीवाले पार्टीतलेच, ते चालत नाहीत. काकाला बोलवायला माणूस पाठवला आणि तो येईल या भरवशावर सुरुवात केली. पहिलं नाव झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथं कडवं तर असं झालं की मी श्वास रोखून बसले. आणि काका आलाच नाही. खाली गिऱ्हाईक होतं.

हलगी हळूहळू सैल पडायला लागली होती. शाहीर थांबलेले, कपाळाला घाम. मला वाटलं, गेलं. एवढ्यात ट्रेच्या थप्पीवर बसलेली त्यांची पत्नी उठली, कमरेची चंची सोडली आणि दहाची नोट नवऱ्यापुढं ठेवून परत जागेवर जाऊन बसली.

शाहीर तिच्याकडं बघतच राहिले. त्या पिढीत नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नाहीत. ते हिला "ऐकलं का" म्हणायचे, ही त्यांना "अहो". पन्नास वर्षं त्यांनी गावोगावच्या सरपंचांची, मामलेदारांची, पानवाल्यांची नावं भोंग्यावर पुकारली, हिचं कधी घेतलं नव्हतं. आता नियम असा, की नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. त्यांनी घसा खाकरला आणि मायकात तिचं नाव घेतलं. आधी तिचं, मग स्वतःचं, मग आडनाव, मुक्काम बेंबळी. "यांच्याकडून दहा रुपये बक्षीस. मंडळ लई आभारी हाये." बाई खाली फरशीकडं बघत होती. शाहिरांनी पाचवं कडवं घेतलं आणि गाणं पूर्ण झालं.

त्या क्षणी मला काय दिसलं हे खरं सांगते. मला कापायच्या चार जागा दिसल्या.

ते लोक गेल्यावर मी स्टुडिओवाल्याला सगळी बक्षिसं काढून टाकायला लावली. तो म्हणाला, "राहू द्या की मॅडम, मजा येतीय." मी त्याला फैलावर घेतलं. हे गाणं पुण्याला ऐकवायचंय, तिथं लोक हसतील, दहा रुपये काय, मंडळ काय, नुसतं गाणं ठेव! त्यानं ठेवलं. गाणं स्वच्छ झालं, सलग झालं. मी ते त्या जिलबीवाल्या गृहस्थांना पाठवलं. त्यांनी अंगठा पाठवला.

ऑपरेशन नीट पार पडलं. महिन्यानं मी पेन ड्राइव्ह आणि एक छोटा स्पीकर घेऊन बेंबळीला गेले. शाहीर बाजेवर बसले होते, गळ्याला फडकं. फडक्याखालच्या भोकातून श्वास चालायचा. अंगणात सगळी गल्ली जमली. गाणं लावलं तशी माणसं रडली, टाळ्या वाजल्या, हलगीवाल्यांनी मला पेढा भरवला. मी खूश होते, कबूल करते. मिरवले मी.

माणसं पांगल्यावर शाहिरांची पत्नी जवळ आली.

"गाणं चांगलं झालंय मॅडम. पन त्यात माजं नाव कुठं गेलं?"

मला आधी कळलंच नाही. ती हळू आवाजात म्हणाली, "चवथ्या कडव्याला घेतलं व्हतं न्हवं ह्यांनी? म्हैनाभर म्या ह्याचीच वाट बघत व्हते."

मी म्हणाले, ते कापलं. ती म्हणाली, मग कापलेलं द्या, मला तेवढंच पुरं. मी तिथूनच स्टुडिओवाल्याला फोन लावला. घाईत नको ते बटन दाबलं गेलं आणि त्याचा आवाज अंगणभर घुमला. "मॅडम, तुम्हीच म्हणालात ना काढून टाक म्हणून? मागच्या आठवड्यात कॉम्प्युटर साफ केला मी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यभर मी पोरांच्या वह्यांवर लाल रेघा मारल्या, तशीच हिच्या नावावर मारली होती. "चुकलं हो माझं," म्हणाले. ती उठून आत गेली. मला वाटलं, आता ही बाहेर येणार नाही, आपण उठावं. शाहीर जमिनीकडं बघत होते.

ती आली. हातात दहाची नोट होती. ती तिनं नवऱ्याच्या गुडघ्यावर ठेवली आणि समोर जमिनीवर मांडी घालून बसली.

शाहिरांनी नोटेकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. मग ते ताठ बसले, एक हात कानाशी नेला, दुसऱ्या हातानं नोट वर धरली आणि ओठ हलवायला लागले. आधी तिचं नाव, मग स्वतःचं, आडनाव, मुक्काम बेंबळी. सगळं म्हटलं त्यांनी, रक्कमसुद्धा. आवाज काहीच नव्हता, गळ्याच्या फडक्याखाली नुसती हवा वाजत होती. मी तोंड फिरवलं, मला बघवेना.

बाईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ऐकू येईना," ती म्हणाली. "जरा मोठ्यानं म्हना की."

असं कुणी बोलतं का? पण शाहिरांचे खांदे हलायला लागले, फडकं फडफडलं, आणि मग कळलं की ते हसताहेत. बाईही हसत होती आणि डोळे पुसत होती. शाहिरांनी नोट पुन्हा वर धरली आणि तोंड आणखी मोठं उघडून तिच्या नावापासून सुरुवात केली.