चंपीचा ठोका आणि स्टीलचा ट्रे

सोमवारी टोकावड्याहून मुरबाडला गेलो, आमच्या चंपीला रिक्षात घालून... ऑपरेशनसाठी. खरं तर ते शनिवारीच व्हायचं होतं.

चंपी आमची कुत्री, वयाने आता आजीच. तिच्या गर्भाशयात पू झाला होता. ऑपरेशन केलं नाही तर ती जाणार हे नक्की. आणि केलं तर... तिचं हृदय अशक्त. भुलीने ठोके मंदावतात, रक्तदाब उतरतो, असं डॉक्टरांनी काही न लपवता सांगितलं.

सासूबाईंचा विरोध होता. "नको गो, म्हातारं काळीज हाय तिचं. निजवली तर उठायची नाय." होकार मी दिला. म्हणजे काही बरंवाईट झालं असतं तर ते माझ्या शब्दामुळे...

शनिवारी डॉक्टरांनी विचारलं, "उपाशी आहे ना?" सासूबाई अभिमानाने म्हणाल्या, "दहीभात घातलाय. घरातना उपाशी कोन निघतं?"

"अहो आजी, परीक्षेला चाललीय का ती?" डॉक्टर हसले, पण सुरी काही हातात घेतली नाही. भूल दिल्यावर उलटी होऊन श्वासात गेली तर जीवच जायचा. आलो तसे परत.

सोमवारी मात्र चंपी उपाशी, आणि तिच्यासोबत सासूबाईही! डॉक्टरांकडे मोठ्या हॉस्पिटलांतला मॉनिटर नाही. त्यांनी माझी बोटं चंपीच्या मांडीच्या आतल्या बाजूला ठेवली... तिथे नाडी लागते. दुसऱ्या हातात चमचा दिला, शेजारी स्टीलचा ट्रे. "प्रत्येक ठोक्याला ट्रे वाजवायचा. माझे डोळे पोटात असतील, कान तुमच्याकडे."

भूल थोडी थोडी करत दिली. टक, टक, टक... बाहेर ओट्यावर बसलेल्या सासूबाईंनाही ते ऐकू जात होतं.

मग बोटांखालचा ठोका लांबत गेला. टक... टक...... मी श्वास रोखून पुढच्याची वाट बघत होते.

बाहेरून हाक आली, "थांबलीस का गो? वाजव की!"

खरं सांगते, वाजवावंसं वाटलं. नसलेला ठोकाही वाजवावा, त्या बाईच्या जिवाला तेवढंच बरं... पण डॉक्टरांचे कानही त्याच चमच्यावर होते. मी चमचा तसाच वर धरून ठेवला. शांतता लांबली तशी डॉक्टरांनी मान वर केली, हातातलं काम थांबवलं आणि तयार ठेवलेलं इंजेक्शन शिरेत दिलं.

टक... टक. टक, टक, टक! माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण दोन्ही हात गुंतलेले... पुसणार कोण!

दुपारी चंपीने डोळे उघडले. मान उचलली, डॉक्टरांवर गुरगुरली आणि परत झोपली. डॉक्टर म्हणाले, एवढी मस्ती आहे म्हणजे काळजी नाही.

आज ती अंगणात हळूहळू फिरतेय. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतायत, "आमच्या सुनेनं वाजवून वाजवून जागवली तिला." मी इंजेक्शनचं सांगून पाहिलं. "ते असंल गो," म्हणाल्या, आणि पुढच्या बाईला पुन्हा तेच सांगितलं.

हात जोडायचे ते डॉक्टरांनाच. मी केलं ते एवढंच, की ठोका नव्हता तेव्हा चमचा आवरला... आजवर इतकं कठीण काही केल्याचं मला आठवत नाही.