स्नोसूटवरून घेतलेली मापं

रोज सकाळी चहाचं पाणी ठेवायच्या आधी नेटी मावशी स्वयंपाकघराच्या फरशीवरून लोहचुंबक फिरवायची. दोरीला बांधलेलं, घोड्याच्या नालेच्या आकाराचं, कधीकाळी लाल असलेलं. टेबलाखालून, शेगडीच्या कडेनं, शिवणयंत्राभोवती ती ते कुत्र्याला फिरवल्यासारखं ओढत न्यायची आणि चिकटलेल्या टाचण्या काढून डबीत टाकायची. नातवंडं अनवाणी पळत येतात, म्हणून लागलेली सवय. नातवंडं जूनमध्ये दूर समुद्रकाठी राहायला गेली, तरी लोहचुंबक फिरत राहिलं.

माझ्या आईची ही थोरली बहीण. यॉर्कटन शहरापासून वीस मैलांवरच्या तिच्या गावात मला शाळेत नोकरी लागली, तेव्हापासून मी तिच्याकडेच राहत होते.

आमच्याकडे ऑक्टोबरअखेर, हॅलोविनला, बहुतेक वर्षी बर्फ पडलेलं असतं. दारोदार चॉकलेटं मागत फिरणारी पोरं टाचेपासून गळ्यापर्यंत जाडजूड स्नोसूटमध्ये असतात. बाकीच्या आया सोंग आत घालतात आणि वरून कोट चढवतात. मग राजकन्या कोण नि चेटकीण कोण, कळत नाही. मावशीला हे अजिबात खपायचं नाही. "कोटच दाखवायचा असेल तर कशाला शिवायचं?" ती म्हणायची. तिची मापं नेहमी स्नोसूटवरून, म्हणजे पोशाख त्याच्यावर चढेल. दरवर्षी पाच पोशाख: मुलगी केंड्रा, जावई ब्रेंट आणि टेगन, वायट, जूनी ही तीन मुलं. एका वर्षी पाचही जण मधमाश्या. एका वर्षी कोबी, गाजर, बीट, मुळा आणि त्यांच्यामागून बुजगावणं झालेला ब्रेंट.

फेब्रुवारीत केंड्रा गेली. डोकं दुखतंय म्हणून दुपारी आडवी झाली होती, एवढंच. मावशीनं तीन दिवस आल्यागेल्याला जेवायला वाढलं, चौथ्या दिवशी भांडी घासली. तिला रडताना मी पाहिलं नाही. जूनमध्ये ब्रेंटला व्हिक्टोरियात भावाबरोबर छपरं घालायचं काम मिळालं आणि तो मुलांना घेऊन गेला. गाडीत जागा पुरेना, म्हणून तिघांचे स्नोसूट मावशीच्या कपाटातच राहिले.

सप्टेंबरात त्याचा फोन आला. मावशीनं तो टेबलावर आडवा ठेवला, म्हणून मलाही ऐकू आलं.

"आई, यंदा तुम्ही त्रास घेऊ नका हं. इथं दुकानात सगळं मिळतं. मुलांनी बघूनही ठेवलंय."

"काय बघितलंय?"

"काहीतरी आहे. अंधारात चमकतं."

"माझ्या शेगडीचं बटणही चमकतं. जूनीला फोन दे."

जूनी चार वर्षांची. कोण व्हायचंय असं विचारल्यावर ती म्हणाली, घुबड. झालं, तिघंही घुबडं. फोन ठेवल्यावर मावशी बराच वेळ टेबलावरचा प्लास्टिकचा कपडा तळहातानं सारखा करत बसली.

"एकदा दुकानातून आणलं ना, की पुढच्या वर्षी मला कुणी विचारणार नाही," ती म्हणाली. "मग मी कोण? नाताळला कार्ड पाठवणारी म्हातारी."

तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे काकांच्या, जुन्या लोकरी पँटी आणि दोन घोंगड्या कापून तिनं पिसं केली. एकेका पोशाखाला चारशेच्या वर. शेजारच्या ऍल्विनकडून रद्दी मागवून तिन्ही स्नोसूटमध्ये ठासून भरली आणि ते टेबलाभोवतीच्या खुर्च्यांवर बसवले. मागच्या वर्षीची मापं, त्यात दोन-दोन बोटं वाढीची. तीन आठवडे मी त्या डोकं नसलेल्या मुलांच्या पंगतीत जेवले.

ऍल्विन रद्दीचा दुसरा गठ्ठा घेऊन आला तेव्हा दारातच थबकला. "काय गं नेटी, पाहुणे जेवत नाहीत वाटतं?"

"तुझ्यासारखी बडबड तरी करत नाहीत. ठेव तिथं आणि बूट पूस."

ती सकाळी शिवायला बसायची आणि जेवायचं का, असं मी विचारलं की थांबायची. केंड्राचं नाव निघालं नाही. ओळीवर ओळ, पिसावर पीस. बाहेर बर्फ भुरभुरायला लागलं होतं. आम्ही दोघी रोज त्या स्नोसूटकडे बघत होतो. ते इथं राहिले तरी तिकडे कुणाचं अडत कसं नाही, हे एकीच्याही मनात आलं नाही.

घुबडं टपालानं रवाना झाली. हॅलोविनच्या संध्याकाळी ब्रेंटनं व्हिडिओ कॉल लावला. आधी नुसता पाऊस आणि हिरवंगार अंगण दिसलं. मग जूनी आली. तिचे हात बाह्यांत कुठंतरी हरवले होते, पिसं जमिनीवर लोळत होती, आणि पहिल्याच पावलाला ती तोंडावर आपटली. वायटनं पोटात दोन उशा कोंबल्या होत्या.

"आजी, मी घुबड नाहीये, मी गादी आहे!" तो ओरडला.

"आई," ब्रेंट हळूच म्हणाला, "इथं आत स्नोसूट नाही घालत कुणी."

मावशी पडद्याकडे बघत होती. "किती आहे तिकडे?"

"बारा डिग्री. या दिवसांत इथं बर्फ नसतं."

"बारा," मावशी म्हणाली. "बरं. जूनीचं खालून दुमडून टाचण्या लाव. टोकं बाहेरच्या बाजूला ठेव. टेगन कुठाय?"

टेगन, अकरा वर्षांची, मागे जिन्याजवळ उभी होती. तिच्या अंगात दुकानातलं, चमकणारं. "आजी, ते खूप गरम होतं गं," ती म्हणाली.

"हो. होणारच," मावशी म्हणाली.

फोन बंद झाला. दाराची घंटा वाजली तेव्हा चॉकलेटांची परात घेऊन ती उठली. कोटातली चार पोरं उभी होती. प्रत्येकाला तिनं विचारलं, "तू कोण?" आणि उत्तर ऐकून दोन-दोन चॉकलेटं दिली. नंतर स्नोसूटमधले कागद काढून, एकेक सरळ करून गठ्ठा बांधला. मी मदत करू का विचारलं, तर म्हणाली, "कशाला?" आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं.

यंत्रावर खोळ पडली ती पडलीच. तो हिवाळा तिनं खिडकीशी बसून काढला. पेरोही, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, करायची, डबे भरून फ्रीझरमध्ये ठेवायची. खायला आम्ही दोघी.

मार्चमध्ये एका गुरुवारी सकाळी माझ्या फोनवर टेगनचा निरोप आला. दुकानातलं एका दिवसात उसवलं, असं तिनं लिहिलं होतं. पुढच्या वेळी तिला कोल्हा व्हायचं होतं, आणि खाली मापं, सगळी तिनं स्वतः घेतलेली.

त्याच दिवशी मावशी गेली. मी शाळेतून परत आले तेव्हा ती यंत्राजवळच्या खुर्चीत होती, मांडीवर कपडा बेतायचा खाकी कागद. डॉक्टर म्हणाले, दुपारी केव्हातरी, हृदय बंद पडून. ब्रेंटला मी फोन केला. पलीकडे नळ वाहत होता.

त्या सकाळी, मी शाळेत निघायच्या घाईत असताना, तिनं चष्मा लावून ती मापं पेन्सिलीनं कागदावर उतरवून घेतली होती. छाती, खांदा, बाही. मग पेन्सिल थांबली.

"कमरेपासून जमिनीपर्यंत एवढं? केंड्रा या वयात एवढी नव्हती."

"उंच झाली असेल, मावशी. मला उशीर होतोय."

"उंच कसली. पायात काहीतरी घालून उभी राहिली असणार. परत घ्यायला सांग तिला. बूट काढून म्हणावं."